शामला राजी झाली

श्री
नागपूर, १४ ऑक्टोबर २०२४

ती. बाबांस,
वैभवीचा सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि आई निरोप देताना अर्धं तिच्याच मनाचं सांगते, म्हणून पत्र. मुलींच्या सरकारी बालगृहात समुपदेशक म्हणून रुजू झाले. मानसशास्त्र शिकून पोरगी करणार काय, असं तुम्ही विचारायचात ना? मुलींशी बोलणार, असं मला वाटलं होतं. अधीक्षक बाई म्हणाल्या, इथे समुपदेशन म्हणजे मुलीला घरी जायला राजी करणं. मुली जास्त, खाटा कमी.

शामला म्हणून एक पंधरा वर्षांची आहे, तुमच्या देवलापारकडची. आईबाप नाहीत, काकाच्या घरून पळून आली. काकाचं नाव निघालं की ओढणीचं टोक चावत बसते. मी लिहून दिलं, हिला परत पाठवू नका. बाईंनी कागद परत माझ्याच हातात ठेवला.

आईला नमस्कार. माया आटू देऊ नका.
तुमची वैभवी


रामटेक, २६ ऑक्टोबर २०२४

चि. वैभवीले,
ताराचंदचे आशीर्वाद.

धान कापणीले आलं. तुह्या मायनं पोरगी साहेब झाली म्हणून सगळ्या आळीत सांगून टाकलं. लोक मले साहेबाचा बाप म्हणून चिडवून राहिले.

काहून वं पोरी, आताच लागली अन् बाईसोबत वाद? पहिले कायम हो, मंग आपल्या मनानं कर. बाईनं तिथं जिंदगी काढली, तिले काही समजत असंन. काका म्हणजे बापाच्याच जागी. सीताबर्डीच्या त्या कोंदट खोलीत अभ्यास करून तू ही नोकरी मिळवली. हातची जाऊ देऊ नको.

कळमन्याच्या बाजारात धान घेऊन येईन तवा स्वेटर आणतो. जेवत जा.
तुहा बाप


नागपूर, १५ डिसेंबर २०२४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

स्वेटर अंगाला बरोबर बसला. शामला गेली. मीच तिला राजी केलं.

कसं केलं ते तुम्हाला सांगते, इथे कोणी विचारत नाही. आधी घराचा विषयच काढला नाही. नुसती तिच्या वेण्या घालून द्यायची. भरवसा बसल्यावर तिच्या शाळेची, लहान चुलतबहिणीची आठवण काढत गेले. शेवटी जायचं तिनेच ठरवलं असं तिला वाटू लागलं. हे सगळं मी पुस्तकातून शिकलेय, त्यात प्रथम श्रेणीत पास झालेय. बालकल्याण समितीसमोर ती स्पष्ट म्हणाली, मी जाते. बाई मला म्हणाल्या, शिकलेल्या माणसाचा हाच फायदा.

निघताना ती काकाने सोडवेपर्यंत माझा हात धरून होती. तिला भेटायला जायचं तर ऑफिसची गाडी मिळत नाही. तुम्ही एकदा त्या गावाला जाऊन याल?

वैभवी


रामटेक, ९ फेब्रुवारी २०२५

चि. वैभवीले आशीर्वाद.

जाऊन आलो. पोरगी घरी नाही. शेजारची यमुताई म्हणे, काका तिले मिरची तोडाले तेलंगणात घेऊन गेला अन् एकटाच परत आला. तिले तिकडंच कोणाच्या घरी कामाले ठेवलं म्हणते. काकाले विचारलं कोणाच्या घरी, तं त्यानं दार लावून घेतलं. पोलिसात गेलो. ते म्हणे, पोरगी राजीखुशीनं घरी आली, कागदावर तुमच्याच पोरीची सही आहे.

घरी आलो, तुह्या मायनं ताट वाढलं, ते सरकवून हे लिहाले बसलो. कायम हो म्हणून तुले मीच लिहिलं होतं. सोडाची असंन तं नोकरी सोड. मी काही म्हणणार नाही.

बाप


नागपूर, १६ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मी लेखी तक्रार दिली. बाई म्हणाल्या, मुलगी आता आपल्याकडे नाही, प्रकरण बंद झालंय. वरच्या ऑफिसला मात्र त्यांनी माझ्या कामाबद्दल चांगलं कळवलंय. आता अवघड मुली माझ्याकडेच पाठवतात.

आज भंडाऱ्याची एक आली. बसेना, दाराशीच उभी राहिली. मी तिला म्हटलं, मला काही सांगू नकोस, कोणी कितीही गोड बोललं तरी सांगू नकोस. बाबा, मी ते अगदी मनापासून म्हटलं होतं. त्यानेच तिचा माझ्यावर विश्वास बसला. ती खुर्ची ओढून जवळ बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं.

आईला यातलं काही कळू देऊ नका. मला विसरू नका.
वैभवी