दहाव्या भागात उठलेला माणूस

न्यूहॉल, कॅलिफोर्निया, १९२६

मिस्टर क्रॅन्डल,

तुमची फुलं खेचरापुढे टाकली. त्यानंही तोंड फिरवलं.

माझा नवरा ओरिन तुमच्या काउबॉय-सिनेमांच्या मालिकांचा नायक. दर भागाच्या शेवटी त्यानं मरणाच्या तोंडात पडायचं आणि पुढच्या शनिवारी कपडे झटकत उठायचं, हेच तुमचं दुकान. गेल्या महिन्यात शूटिंगमध्ये तो कड्यावरून घोड्यासकट पडला आणि खरंच मेला. तेव्हा नाक पुसत तुम्ही म्हणालात, "वहिनी, ती फिल्म मी जाळून टाकतो."

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे तुम्ही! तेच पडणं नवव्या भागाच्या शेवटी लावलंत. काल दहावा लागला. ओरिनचा शर्ट घातलेला कुणीतरी कॅमेऱ्याकडे पाठ करून उठला, हॅट झटकली. थिएटरात शिट्ट्या. आमची इडिथ, जिनं स्वतःच्या हातानं बापावर माती टाकली, ती खुर्चीवर चढून ओरडली, "बघ आई! मी म्हणत नव्हते? बाबा दर वेळी उठतोच!"

हे पत्र पाठवणार नाही. तुम्ही त्याचंही पोस्टर छापाल.

इडिथनं आज टेबलावर बाबाची ताटली मांडली, बीन्स वाढले आणि आता ती दाराकडे बघत बसली आहे. ती ताटली उचलायला माझा हात धजत नाही.

तुमचा धजला असता.

ओरिनची,
लॉटी