उलटा हँडब्रेक

४ फेब्रुवारी
ब्रेकखालच्या चटईत सात सोयाबीन! काल सेत्सुबुनला, भुतं पळवायच्या सणाला, घरभर दाणे उधळले, तेच बुटांबरोबर गाडीत आले. पेडलखाली एक दाणा अडकला तरी ब्रेक अर्धाच लागतो. लेकीला, चिनात्सूला, दाखवून मगच फेकले.

दुपारी मी कामाला असतो त्या आरागिरणीच्या आवारात ड्रिफ्टचा, म्हणजे गाडी मुद्दाम घसरवत वळवायचा, सराव. मालकांना विचारूनच — रस्त्यावर हे खेळ मी करत नाही, पोरीलाही करू देत नाही. ती वळणात शिरल्यावर ब्रेक मारते. चूक! ब्रेक सरळ रेषेत, वळणाआधी. वजन पुढच्या चाकांवर आलं की दुसरा गिअर, स्टिअरिंग, क्लचला एक झटका — मागची बाजू आपसूक सुटते. मग स्टिअरिंग घसरणीच्या दिशेने, अॅक्सिलरेटर हलका. नऊ वेळा गरागरा फिरली. फिरली की दोन्ही पाय आत, क्लच आणि ब्रेक — हे मात्र तिने एकदाही चुकवलं नाही.

मला कुणी शिकवलं नाही. तीन क्लच जाळून शिकलो. १ मार्चला सर्किटवर नवशिक्यांचा दिवस आहे. तिचं नाव घातलं. तीन वर्षं मागे लागली होती.

७ फेब्रुवारी
ब्रेक ऑइल बदललं. पुढचे पॅड सहा मिलिमीटर. पुरेत.

९ फेब्रुवारी
गरम पाण्याच्या कुंडात ओदागिरी भेटला. तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलं, म्हणून अजून सगळ्या गावाला विद्यार्थी समजतो. माझ्या हँडब्रेकवरून सुरू झाला. साध्या गाडीत ओढला की अडकतो, बटण दाबलं की सुटतो. ड्रिफ्टला ओढून लगेच सोडावा लागतो, म्हणून मी तो उलटा करून घेतलाय — बटण दाबून ओढला तरच अडकतो. "मोरिवाकी, ज्याच्यावर गाडी उभी राहत नाही, तो ब्रेक कसला? ती तर मूठ झाली." पाण्यातले सगळे हसले. मी सांगितलं, जो माणूस गाडी गिअरमध्ये टाकून उतरतो, त्याला हँडब्रेक लागतच नाही.

घरी आल्यावर चिनात्सूकडून गाडी उभी करायचा नियम पुन्हा म्हणून घेतला. आधी पहिला गिअर, मग इंजिन बंद.

१२ फेब्रुवारी
सकाळ. काल संध्याकाळी सातला चिनात्सूने गाडी आणून दारच्या उतारावर लावली, तेव्हा पागोळ्या गळत होत्या. रात्रीत उणे अकरा. चाकं बर्फात घट्ट. बॅटरी जुनी, म्हणून सहा चाळीसला गिअर काढून इंजिन सुरू केलं, दहा मिनिटं गरम केलं, बंद केलं. चालत गिरणीवर.

दुपार. साडेबाराला खालच्या घरच्या सुगिए आजींचा फोन. "तुझी गाडी माझ्याकडे जेवायला आलीय." धावत गेलो. मुळ्यांची खोपटी भुईसपाट, गाडीचं नाक आत. गाडी घुसण्याच्या पाच मिनिटं आधी आजी तिथेच बसून मुळे निवडत होत्या. पाच मिनिटं!

गिअर न्यूट्रलला. हँडब्रेक खाली पडलेला. गाडी शेवटची चालवली चिनात्सूने.

१३ फेब्रुवारी
"पहिल्या गिअरमध्ये टाकली होती, बाबा."
"मग न्यूट्रलला काय भुताने नेली?"
मग म्हणाली, "तुम्ही म्हणता तर तसंच असेल."

उर्मट उत्तर. सर्किटला फोन करून तिचं नाव काढलं. जी गाडी उभी करू शकत नाही, तिने ती घसरवू नये.

१५ फेब्रुवारी
चिनात्सू दाइफुकू मिठाईचा डबा घेऊन आजींकडे माफी मागायला गेली. एकटीच. मी येतो म्हटलं, तर नको म्हणाली.

१७ फेब्रुवारी
डॅशबोर्डवर चिठ्ठी चिकटवली — १. गिअर. २. बटण दाबून हँडब्रेक. ३. चाकाखाली ठोकळा. तिने वाचली. चार दिवस झाले, जेवताना फक्त मीठ द्या, चहा द्या.

२० फेब्रुवारी
रविवार. आजींची खोपटी उभी करून दिली. खांब गिरणीतला, देवदाराचा, सरळ. आजी चहा घेऊन आल्या. माफी मागायला आली तेव्हा पोरगी कंबरेत वाकून उभी राहिली होती, म्हणाल्या, डोकं वर काढेचना. मग खांबाकडे बघत विचारलं, "एक सांग रे. तिने संध्याकाळी मोकळी सोडली, तर गाडी संध्याकाळीच खाली यायला हवी होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कशाची वाट बघत होती?"

बर्फात चाकं धरली होती, मी म्हटलं. ऊन आलं, सुटली.

"पण संध्याकाळी तर पागोळ्या गळत होत्या, बर्फ कुठे होता?"

खिळे संपले सांगून घरी आलो.

२१ फेब्रुवारी
बारा तारखेचं पान तीनदा वाचलं. गिअर काढला, असं लिहिलंय. परत घातला, असं लिहिलेलं नाही. आणि मी लिहायचं काही सोडत नाही.

चिनात्सू अजून उठलेली नाही. तिच्या दाराशी जातो.