जागा कमी पडली

काका,

ऑफिसात तुम्हाला 'सर' म्हणते, पण आज जीभ रेटत नाही. संपादक असाल तुमच्या घरचे! मी इथे हॉस्पिटलात काकूच्या उशाशी बसलेय आणि तिला सलाईन लावलंय.

माझी बातमी साधी होती. पाइप फुटून नळाला घाण पाणी येतंय, त्यानेच जुलाब-उलट्या होताहेत, पाणी उकळून प्या. तुम्ही म्हणालात, "यात दम नाही." आणि मथळा ठोकलात, 'गूढ आजाराचे थैमान!' खाली रडणाऱ्या बाईचा अर्ध्या पानाचा फोटो. मग जागा कमी पडली, म्हणून पाइप उडवलात आणि उकळणंही उडवलंत.

काकूने ती बातमी दोनदा वाचली. घाबरून खिडक्या लावल्या, तोंडाला रुमाल बांधला आणि घशाला कोरड पडली म्हणून नळाचं पाणी प्यायली. आता मला विचारते, "पण करायचं काय, ते कुठेच लिहिलं नव्हतं गं?" काय सांगू तिला? तुझ्याच नवऱ्याने कापलं म्हणून?

हे पत्र देणार नाही. दिलं तर तुम्ही शेवटची ओळ उडवाल, आणि कामाची तेवढीच आहे.

तुमची पुतणी

ता. क. पाणी उकळून प्या.