एकसारखी कोथिंबीर

रविवार, १६ फेब्रुवारी

प्रिय गुंड्या,

तुझ्या बढतीचं कळलं. मनापासून अभिनंदन! बियाणं केंद्रात आता स्वतःची खोली मिळाली म्हणे. पंख्याखाली फार बसू नकोस, तुझी मान लगेच धरते. आई आणि मी, दोघी बऱ्या आहोत. नळ पुन्हा गळतोय, शेजारीण पुन्हा भांडली, म्हणजे सगळं जागच्या जागी आहे.

तू पाठवलेली कोथिंबीर उगवली. काय सांगू, बघत राहावी अशी! एकसारखी उंची, रुंद पानं, हिरवेगार देठ. शाळेतली पोरं रांगेत उभी केल्यासारखी. शेजारीण कुंपणावरून मान काढून काढून बघते.

आईला मात्र ती पसंत पडली नाही.

म्हणजे काय, ते नीट सांगते. आपला जुना वाफा तुझ्या मते नुसती भेसळ. कुणाचे देठ जांभळे, कुणाची पानं बडीशेपेसारखी बारीक, काही रोपं जमिनीलगत पसरलेली, काही जरा वाढली की लगेच फुलावर. धनेही काही गोल, काही लांबट. तू आपल्याकडचे डबाभर धने नेलेस आणि वेगळं दिसेल ते रोप उपटत उपटत ही शुद्ध जात काढलीस. पण आई माणसं विसरायला लागली तेव्हाही त्या भेसळीत कधी चुकली नाही रे. डोळ्यांना नीट दिसत नाही, तर बोटांनी चाचपायची, हुंगायची. "ही लांबमानी. हा बुटका. या जांभळीला हात लावू नका, हिचा वास अजून भरायचाय." तेवढा वेळ ती आपली जुनी आई असायची. फोनवर सांगायला गेले होते, तू घाईत होतास.

तू म्हणालास, जुनं एकही रोप ठेवू नकोस, पडलेले धनेही वेचून टाक, नाहीतर पुन्हा सगळं मिसळेल. मी शहाणी, कुदळ घेऊन अख्खा वाफा खणून काढला.

आता ती रोज सकाळी तिथे बसते. एक रोप चाचपते, दुसरं चाचपते आणि घाबरते. "हे आपलं घर नाही," म्हणते. परवा मी आंघोळीला गेले आणि ती फाटक उघडून निघाली. पार मोठ्या रस्त्यापलीकडे सापडली, लोकांच्या कुंड्या चाचपत. लागलंबिगलं नाही, घाबरू नकोस.

तेव्हापासून फाटकाला कुलूप लावते. आईला कोंडून ठेवते मी, लिहितानाही लाज वाटते.

त्या डब्यातले मूळ धने कुठे उरले असतील तर मूठभर पाठव. निवडू नकोस, जसेच्या तसे पाठव. नसतील तर तसं स्पष्ट कळव. गोड बोलून झुलवू नकोस.

आणखी एक. खणताना आईने मला पाहिलं होतं. बाकी सगळं विसरते, हे विसरत नाही. माझ्या हातचा घास घेत नाही, तोंड फिरवते. भरवायला शेजारणीला बोलवावं लागतं. "त्या बाईनं माझी रोपं उपटली," आई तिला सांगते. मी ऐकून घेते. तू सांगितलंस म्हणून उपटली, असं अजून तरी म्हटलेलं नाही. आईला आता एकच नाव आठवतं, तुझं. ते तरी तिच्याजवळ राहू दे.

तुझी ताई,
आणि आईची 'ती बाई'