अर्दिसने बांधलेल्या माळा कोणाला द्याव्यात, याबद्दल

मी, ऑर्व्हल ब्रेकहुस, राहणार कोल्ड स्प्रूस, आयडाहो, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा पूर्वी लाकूड गिरणीत करवतींना धार लावणे व सध्या मासेमारी, असे लिहून ठेवतो की माझी शुद्ध शाबूत आहे. डोकं मात्र गोंधळलेलं आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे वकीलबाईंनी मान्य केलं, म्हणूनच लिहायला बसलो. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. असता तर बरं झालं असतं, काय लिहायचं ते तरी कळलं असतं. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

कलम पहिले. राहतं घर, त्यामागची जमीन आणि बँकेत जे काही असेल ते माझी मुलगी ट्रूडी हिला. यात काही गोंधळ नाही. शेगडीचा धूर घरात आला तर धुराड्याला खालून एक दणका द्यावा, मिस्त्री बोलावू नये.

कलम दुसरे. करवतीच्या कानशी जावई पर्सी याला. तो त्या वापरणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. शोभेसाठी भिंतीवर टांगू नयेत, एवढंच सांगणं.

कलम तिसरे. होडी आणि इंजिन, हेही ट्रूडीला. जुन्या मृत्युपत्रात याच कलमात पुढे लिहिलं होतं की वेंडेल स्कॅग्ज याने होडीला हात लावू नये आणि माझ्या अंत्यविधीला पाऊल टाकू नये. हे वाक्य मी खोडलं आहे. मग पुन्हा लिहिलं. आता परत खोडलं आहे. वकीलबाई म्हणाल्या, "ब्रेकहुससाहेब, काय ते एकदा ठरवा." ठरवता आलं असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो, बाई?

कलम चौथे. यात देण्याघेण्याचं काही नाही, पण हे सांगितल्याशिवाय पाचवं लिहिता येत नाही.

तळ्यातला सॅल्मन धरायच्या माळा आमच्या घरी माझी बायको अर्दिस बांधायची. तंगुसाच्या दोऱ्याला मागेपुढे दोन बारीक गळ, वर मणी, पाण्यात गरगर फिरणारी एक छोटी पत्री आणि गुलाबी रबरी झालर. गळाला लसूण लावलेला मक्याचा दाणा. अशी माळ होडीमागे ओढत न्यायची. अर्दिस डावरी, त्यामुळे गळावरचे तिचे वेढे उलटे पडत. असे वेढे घालणारं गावात दुसरं कोणी नाही. मला तर सुलटेही धड जमत नाहीत.

आता वेंडेल. हा माणूस वर्षानुवर्षं तळ्यावर माझ्या मागे. मी वळलो की हा वळणार, मी थांबलो की हा थांबणार. एकदा ओरडलोच, "एवढं मोठं तळं पडलंय, माझ्या शेपटाला कशाला चिकटतोस?" तर म्हणे, "मासे काय तुझ्या नावावर केलेत?" मी त्याला माझ्या जागांचा चोर ठरवला आणि बोलणं टाकलं. अर्दिसला सांगितलं की ती म्हणायची, "जाऊ दे रे, आहे आपला मागे, तर असू दे." तीन वर्षांपूर्वी ती गेली. वेंडेल मागे येतच राहिला.

आमच्या धक्क्यावर माळेचा रंग कोणी कोणाला खरा सांगत नाही. गुलाबीवर मासा लागला तर हिरवी म्हणून सांगायची, आणि काठाला लागण्याआधी माळ सोडून टोपीत लपवायची. या वसंतात धक्क्यावर वाऱ्याने वेंडेलची टोपी उडाली आणि माझ्या पायाशी येऊन पडली. आत माळ. वेढे उलटे.

"ही कुठून आणलीस?"

"दुकानातून."

"दुकानातली मॉड डावरी झाली वाटतं?"

टोपी उचलत म्हणाला, "अर्दिसने दिलीय. दर वसंतात डबाभर द्यायची."

माझी बायको, माझ्या माळा, आणि याला? "का?" म्हणून विचारलं.

"तुझ्या मागे राहायला. डॉक्टरने तिला तुझ्या हृदयाचं सांगितलं होतं. तू ऐकणारा थोडाच! मला म्हणाली, लक्ष ठेव, पण त्याला कळू देऊ नकोस."

"लक्ष ठेवायला माळा कशाला लागतात?"

"अरे गाढवा, तुझी माळ ओढायची सावकाश. माझ्या माळेची पत्री मोठी, ती तेवढ्या चालीला फिरतच नाही. तुझ्या चालीने जायचं तर तुझीच माळ हवी ना! का वर्षानुवर्षं हात हलवत घरी जाऊ?"

माळेच्या चालीचं हे तंतोतंत खरं आहे. पण मासेमार माणूस धक्क्यावर बोलतोय, त्याचं बाकीचं मी काय धरून चालू? खरं असेल तर इतकी वर्षं मी कोणाला शिव्या दिल्या? खोटं असेल तर माझी बायको परक्या माणसासाठी रात्रंदिवस डोळे फोडून गळ का बांधत होती? मला वेंडेलचा राग येतो, अर्दिसचा येतो, आणि तिची आठवण इतकी येते की राग कुठे गेला तेच कळत नाही. ट्रूडीला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, मला काही माहीत नाही. पण तुम्ही तळ्यावर असलात की आई कधी वाट बघायला खिडकीशी जायची नाही. बाकीच्या सगळ्या बायका जायच्या." यावरून काय समजायचं?

कलम पाचवे. अर्दिसच्या हातच्या माळांचा शेवटचा एक डबा फडताळात शिल्लक आहे. वेंडेलकडच्या संपत आल्या आहेत, टोपीतली फार जुनी होती, मणी पार पांढरे पडलेले. सबब सदर डबा माझ्या पश्चात वेंडेल स्कॅग्ज याला द्यावा.

वरील कलम लिहून झाल्यावर वकीलबाईंनी मोठ्याने वाचून दाखवलं आणि मी म्हटलं, थांबा. माझ्या पश्चात तो त्या माळा घेऊन करणार काय? मी तळ्यावर नसताना हा बाबा कोणाच्या मागे जाणार?

म्हणून कलम पाचवे रद्द. डबा मी आजच जाताना त्याच्या दारात नेऊन देतो. सगळा नाही, अर्ध्या माळा मला ठेवतो, म्हणजे दोघांच्या बरोबरच संपतील. त्या संपल्यावर कसं करायचं हे मला खरंच कळत नाही.

येणेप्रमाणे लिहून, वाचून, साक्षीदारांसमक्ष सही केली.

सही: ऑर्व्हल ब्रेकहुस

साक्षीदार: मॉड ट्रेग्लोन, धक्क्यावरचं दुकान
साक्षीदार: हार्लन व्हिटबेक, दंतवैद्य

ठिकाण: कोल्ड स्प्रूस, आयडाहो
तारीख: ११ जून २०१९