सफरचंदाखालची विहीर

बाबा, तुमची विहीर सापडली. इथे ट्रॉय गावातल्या आपल्या घरामागे, सफरचंदाच्या झाडापाशी, तुम्ही म्हणायचात तिथेच. बर्फ वितळला आणि जमीन हातभर खचली. कुजलेल्या फळ्या दिसल्या, आत नुसता काळोख. मी खडा टाकला. तो पाण्यात पडल्याचा आवाज यायला इतका वेळ लागला की मी दोन पावलं मागे सरले.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण आजवर मी तुम्हाला थापाड्याच समजत होते. आठवडाभर गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर आणि शनिवारी काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, म्युझियममध्ये फुकट गाईड. गोऱ्या लोकांना त्यांच्याच खापरपणजोबांच्या गोष्टी सांगणारा बारामतीचा माणूस! सर्व्हेवाल्यांनी ही काउंटी म्हणजे नुसती दलदल, इथे कोण राहणार, म्हणून निकालात काढली होती. तरी लोक बैलगाड्या घेऊन आले, जंगल तोडलं, हातानं विहिरी खणल्या. पुढे शेतं विकली गेली, घरं झाली आणि विहिरींवर फळ्या टाकून वर माती लोटली. हे तुम्ही जेवताना सांगताय आणि मी वैतागून भातात वरण कालवतेय. मग शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं सांगितलेली ती बाई: पाणी शेंदताना विहिरीत पडलेली, अजून पोरांना हाका मारणारी. तिच्यात तुम्ही आपल्या गावचं भूत मिसळलंत. ती घरच्या माणसाच्या आवाजात बोलावते, पण एकदा, फार तर दोनदा; तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. भीतीनं मला झोप लागेना. आई चिडली, पोरीला कशाला घाबरवता म्हणून. तुम्ही ताक पिता पिता म्हणालात, "घाबरलेली पोर घरी तरी येते."

गेल्या महिन्यात माझ्या लेकीनं आजोबांची गोष्ट मागितली. हीच सांगितली, हाकांसकट. पाच वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तरं इंग्रजीत. आणि मग ही विहीर निघाली. बुजवणारा माणूस गुरुवारशिवाय येणार नव्हता, म्हणून मी भोवती लॉनच्या खुर्च्या दोरीनं बांधल्या आणि तिला सक्त ताकीद दिली. मंगळवारी ऑफिसचा कॉल संपवून खाली आले तर मागचं दार उघडं. एक खुर्ची आडवी. मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. बाबा, काठाशी जाऊन वाकून बघायची माझी हिंमत होईना. आई असून! तिसरी हाक मी लांबूनच मारली.

"व्हॉट?" शेडमागून आवाज आला. हातात रंगीत खडू. मी तिला गदागदा हलवलं, ओ का दिली नाहीस म्हणून. ती रडत म्हणाली, "आई, तूच म्हणालीस ना, थर्ड टाइम."

खुर्ची वाऱ्यानं पडली होती. विहीर आता खडी टाकून बुजवलीय. गोष्ट खोटी आहे असं तिला सांगायचं ठरवलं होतं, पण सांगितलं नाही. ती झाडाकडे फिरकत नाही, ते बरंच आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून एक लिहूनच टाकते. काल संध्याकाळी भांडी विसळत होते. मागच्या अंगणातून हाक आली, माझ्या त्या घरच्या नावानं, जे तुमच्यानंतर कुणी घेत नाही. आवाज तुमचा होता. हातातलं ताट तसंच धरून मी दुसऱ्या हाकेची वाट बघत उभी राहिले. ती आली नाही. मी ओ दिली नाही, बाबा.