नऊ बार

६ मे १८६७, लिंडनफर्ड

पोचलो बुवा एकदाचा. टपालगाडीनं हाडं खिळखिळी केली, पण गाव दिसलं आणि माझी कुरकुर थांबली. सफरचंदाच्या बागा नुसत्या बहरल्यात. स्ट्राइनसाहेबांनी दारातच हातात पाव आणि हॅमचा जाड तुकडा ठेवला. माणूस गलेलठ्ठ, बोटं औषधांनी काळी पडलेली, तोंडाला विश्रांती नाही. माझी बोटं बघून म्हणाले, ही अजून पाद्र्याची बोटं आहेत, महिन्याभरात फोटोवाल्याची करून दाखव.

फोटोची खोली वरच्या मजल्यावर, अर्धं छपरच काचेचं. कोपऱ्यात काळी खोली आहे. तिला एकच खिडकी आणि त्या खिडकीला पिवळी काच. तिथं माझं राज्य, कारण साहेबांना त्या वासानं खोकला येतो. ही वही मी तिथंच बाटल्यांमागं ठेवणार आहे.

लढाईत होतास का, असं विचारलं. कॉर्पोरल होतो म्हटल्यावर साहेबांनी स्वतःची खुर्ची पुढं केली. युद्ध सरून दोन वर्षं झाली, तरी बाहीवरच्या त्या दोन फितींची पत अजून आहे. वय सव्वीस, डोक्यावर छप्पर, आणि समोरून कुणी गोळ्या झाडत नाही. आणखी काय पाहिजे माणसाला!

१० मे

काम हाताला बसतंय. काचेवर औषध ओतायचं, चांदीच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत काळ्या खोलीत आणून धुवायची. समोर बसलेल्याची मान मागून लोखंडी चिमट्यात धरतात. आठ आकडे मोजेपर्यंत हलायचं नाही. जो हलतो त्याचा धूर होतो.

साहेब युद्धात छकडा घेऊन रणांगणावर जायचे. म्हणतात, तसं गिऱ्हाईक पुन्हा मिळायचं नाही, एकानं पापणी हलवली नाही. मी हसलो. अशा विनोदांना हसायची आम्हा शिपायांना सवय असते.

फोटोसाठी ठेवलेलं सामानही भारी आहे. पुठ्ठ्याचा खांब, मखमली पडदा, पेंढा भरलेला कुत्रा आणि एक ठासणीची बंदूक. ती गावातल्या फ्रॉनीकाकू रायस्टच्या पोराची, मेनोची. पीचच्या बागेतल्या लढाईत तो पडला, तेव्हा त्याच्या अंगाखाली सापडली. नळीत नऊ बार, एकावर एक ठासलेले, एकही उडवलेला नाही. गावातला एकजण प्रेताबरोबर घेऊन आला, पुरावा म्हणून. गाव त्या पोराला फुसका बार म्हणतं. चौकात स्मारकाचा खांब उभा राहतोय, त्यावर त्याचं नाव नाही. बार अजून आतच आहेत. साहेबांनी बजावलं, कुणी चुकून दारू पेटवणारी तांब्याची टोपी बसवून चाप ओढला तर समोरचा नाही मरणार, धरणारा मरेल.

मी बंदूक हातात घेतली. दस्त्यावर, गाल टेकतो तिथं, लाकडात एक काळी गाठ आहे. मी ती परत कोपऱ्यात ठेवली. रात्रीचं जेवण गेलं नाही. हॅम खारट होतं.

१६ मे

आज फ्रॉनीकाकू आल्या. दर गुरुवारी येतात म्हणे, अंडी द्यायला. काळा झगा, पांढरी टोपी, अंगावर एक बटण नाही, तोही त्यांना नखरा वाटतो. त्यांच्या साध्या पंथात शस्त्र धरत नाहीत, घरातही ठेवत नाहीत, म्हणून बंदूक इथं, आणि तसबीरही काढून घेत नाहीत. मेनो पळून जाऊन सैन्यात शिरला, म्हणून पंथानं त्याला वाळीत टाकलं. दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरलाय, गवतात. आत त्याला जागा नाही आणि चौकात नाव नाही. दोन्हीकडून गेला बिचारा.

मला वाटलं, बाई बंदुकीकडं बघणारसुद्धा नाहीत. त्यांनी तर टोपली ठेवली आणि दस्त्यावरून हात फिरवला, तापल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "नऊ वेळा भरली रे, आणि एकदाही ओढली नाही. लोक हसतात. मी रोज गुडघे टेकून देवाचे आभार मानते. माझ्या पोराच्या हातून कुणी मेलं नाही."

पंथाच्या बिशपच्या मागं लागल्यात म्हणे. पुरावा मान्य झाला, तर मेनोला कुंपणाच्या आत घेतील, बापाशेजारी. मग त्यांनी विचारलं, साहेब म्हणतात तूही त्या बागेत होतास, माझा मेनो दिसला होता का?

मी नाही म्हणालो. तिथं फार धूर होता म्हणालो.

२१ मे

खाटकाच्या पोरग्याला बंदूक घेऊन फोटो पाहिजे होता. फुसक्या बाराची फुसकी बंदूक म्हणून बाप आणि पोर दोघं खिदळत होते. काच काळ्या खोलीत आणून औषध ओतलं. पोरगं उमटलं, बंदूक उमटली. पोराच्या मागं, पडद्यापाशी, धूर होता.

साहेबांना सांगितलं, काच बिघडली. दुसरी घेतली. तिच्यात धुराला खांदे होते.

दोन्ही काचा खरवडून साफ केल्या. काच महाग असते, खरवडून परत वापरतात, त्यात विशेष काही नाही. तिसऱ्या वेळी पोराच्या हातात मी पुठ्ठ्याची तलवार दिली, आणि फोटो स्वच्छ आला.

२५ मे

आज तिसऱ्यांदा. लोहाराचा भाऊ बंदूक घेऊन बसला होता. मागचा आता धूर राहिलेला नाही. तोंडावर डाग, कानाशी फाटलेली टोपी, आणि डोळे. अगदी ठळक. आठ आकडे तो इतका स्थिर उभा राहिला होता, जितका जिवंत माणूस चिमटा लावूनही राहत नाही.

लिहूनच टाकतो. इथं कोण वाचतंय?

त्या बागेत धुरात पलटणी मिसळल्या होत्या. माझ्या डाव्या हाताला हाच पोरगा होता, नाव-गाव तेव्हा माहीत नव्हतं. तो भरत होता आणि झाडत होता. मी नुसताच भरत होतो. दारू, गोळी, गज मारायचा, घोडा वर चढवायचा, बंदूक खांद्याला लावायची, आणि चाप ओढायची वेळ आली की बोट गळून जायचं. सार्जंटला दिसावं म्हणून पुन्हा भरायचो. नऊ वेळा. समोर पीचच्या खोडाआड एक करड्या गणवेशातला शत्रू होता, माझ्या अगदी नेमात. पोरगा माझ्याकडं वळून ओरडला, "अरे, घोडा तरी पाड!" मी नाही पाडला. खोडाआडच्यानं झाडली आणि पोरगा आडवा झाला.

पुढचं जास्त वाईट आहे. सार्जंट नळ्या तपासत येत होता. मी पोराच्या हातातली गरम बंदूक काढून घेतली आणि माझी त्याच्या अंगाखाली सरकवली. सार्जंटनं माझ्या नळीत बोट घातलं, काळं झालेलं बघितलं आणि शाबास म्हणाला. माझ्या दोन फिती तिथल्याच.

लाकडातली ती काळी गाठ मी दोन वर्षं गालाला लावली होती. ती ओळखू येणार नाही तर काय!

३० मे

काकू आल्या. आज लवकर गेल्या नाहीत. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाल्या, आपल्या पंथात तसबीर नाही ते बरोबरच आहे, पण अलीकडं पोराचा चेहरा आठवत नाही. नाक आठवतं, कानाशी फाटलेली टोपी आठवते, ती त्यांनीच शिवायची राहून गेली होती. बाकी पुसत चाललंय.

अख्ख्या जगात त्याच्या तीन तसबिरी निघाल्या होत्या. तिन्ही मी खरवडल्या.

सांगायचं तरी काय? बंदूक माझी म्हटलं, तर गावात त्याचं नाव खांबावर चढेल, पण त्याच्या हातून माणसं मेली हे आईला कळेल. मग कुंपणाची आशा संपली. न बोलण्यातच तिचं भलं आहे, अशी मी मनाची समजूत घातली. काय सोयीची समजूत आहे! आईवरची दया आणि माझी कातडी एकाच बाजूला. लाज वाटते, आणि तरीही मी गप्पच आहे.

४ जून

बिशप तयार झाले. परवा काकू बंदूक घेऊन जाणार. लोहार साक्षीदारांसमोर नऊ बार काढणार, लाकूड जाळणार, आणि लोखंडाची खुरपी करणार. म्हणजे सगळं लोखंड सुटं होणार. दस्त्याच्या टोकाची पट्टीसुद्धा. तिच्या आतल्या अंगाला मी खिळ्यानं नाव कोरलं होतं. एलिहू स्ट्राउड. सरकारी माल खराब केला म्हणून शिक्षा होऊ नये म्हणून आतून.

दुपारी साहेब झोपल्यावर दोन स्क्रू काढले आणि कानशीनं नाव घासून टाकलं. लोखंड लख्ख झालं. पट्टी परत बसवली. चहा घेतला. उगाच एकदा बघावं म्हणून पुन्हा उघडली.

नाव होतं. पुन्हा घासलं. पुन्हा बसवली, पुन्हा उघडली.

आता उघडत नाही.

५ जून

सकाळी लेन्समधून नुसती बंदूक पाहिली. घोडा अर्धा वर होता. कुणी हात लावला नव्हता. जाऊन खाली केला.

दुपारी पूर्ण वर.

साहेबांना म्हटलं, मला बरं नाही, उद्या सुटी द्या. म्हणाले, उद्या नाही, उद्या म्हातारीचं काम आहे. बिशपनं परवानगी दिली आहे, चेहरा नको, नुसते हात आणि बंदूक, पुराव्याला — हसून म्हणाले, कॉर्पोरल, तुझा चेहरा असा का पडलाय, तुझी थोडीच आहे —

६ जून

काळ्या खोलीत आहे. काच हातात. ओली.

काकूंच्या मांडीवर बंदूक. साहेबांनी बार काढून होईपर्यंत खाली ठेवा म्हणून दोनदा विनवलं. म्हणाल्या, आज ही माझ्या पोराची आहे, आज मी सोडणार नाही. दोन्ही हातांनी पोटाशी धरली आहे.

काचेत हात आले. बंदूक आली. घोडा पूर्ण वर. त्याच्याखाली टोपी बसवलेली — तांब्याची, चकचकीत — मी बसवली नाही. साहेबांनी नाही. इथं कुणाकडं नाहीतच —

मेनो मागं उभा आहे. वाकून. मला वाटलं तो चाप ओढतोय. नाही. त्याचा अंगठा घोड्याखाली आहे. तो धरून ठेवतोय. आईसाठी धरून ठेवतोय, आणि बघतोय माझ्याकडं. अंगठ्याचं टोक पांढरं पडलंय. किती वेळ धरेल?

नुसतं ठेवा म्हणून ती ठेवणार नाही. पोराची नाही हे कळलं तरच ठेवेल. एक वाक्य. दार दोन हातांवर. आणि मी लिहीत बसलोय. मागची पानं मोजली. ही नववी नोंद. भरतोय, नुसता भरतोय —

बाहेरून विचारतेय, "झालं का रे बाळा? आला का माझा पोरगा?" तिला म्हणायचं होतं बंदूक. पोरगा म्हणाली.

काचेत अंगठा घसरलाय. जरासा. काच तर वाळत आली, तिच्यात काही हलायला नको —

उठतो. उठलोच. दार उघडून एवढंच म्हणायचं, काकू, ती खाली ठेवा, ती मेनोची नाही, ती